शेंदूर मांजरीनं सांडला नाही

दिल्ली कँट,
शुक्रवार दुपार

तीर्थस्वरूप आबामामा यांस,

शंभूचा शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन गुडघे सध्या वाकत नाहीत, तेव्हा उरलेल्या अंगांचा समजा. गुडघ्यांचं कारण पुढे येतंय.)

मामा, आधी कबूल करून टाकतो, म्हणजे हात मोकळा होईल. संक्रांतीला तुम्ही आईसाठी गावच्या मारुतीचा शेंदूर डबा भरून पाठवला होता ना, तो मांजरीनं सांडला नाही. आईनं तुम्हाला फोनवर तसं सांगितलं, कारण मी आईला तसं सांगितलं. आमच्या क्वार्टरमध्ये मांजर येतच नाही, समोरच्या सुभेदारसाहेबांचा कुत्रा येऊ देत नाही. पण आई तेव्हापासून दूध झाकून ठेवते, आणि त्या न आलेल्या मांजरीला रोज सकाळी ज्या शिव्या पडतात त्या मी निमूट ऐकतो, कारण त्या बरोबर पत्त्यावर पोचतात. शेंदूर मी नेला. सगळा.

बाकी तुमची तब्येत कशी आहे? कंबर काय म्हणते? मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? इकडे सगळे ठीक आहेत. थंडी गेली, धूर गेला, आता धूळ आलीय, मतलब हवा बदललीय. पप्पा (तुमचे दाजी) रिटायर व्हायला आले, पण सकाळी उठवताना अजून पलटणीला उठवल्यासारखंच उठवतात. आई मजेत आहे, मांजर सोडली तर.

आता फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. एक तर तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुमच्या शेजारी कायम निम्मं गाव बसलेलं असतं. दुसरं कारण खरं आहे, ते शेवटी सांगतो. शाळेत पत्रलेखनाला मला पाचातला एक मार्क मिळायचा, तोही पत्ता बरोबर लिहिल्याबद्दल. तेव्हा मध्ये हिंदी घुसली तर हाकलू नका, बसू द्या.

तर मामा, मी गुरुग्रामला कॅब चालवायला लागलो हे तुम्हाला माहीत आहे. ती माझी चौथी नोकरी. पप्पांनी सांगून ठेवलंय की ही गेली तर सरळ गावी जायचं, दिवसा आबाच्या म्हशी बघायच्या आणि पहाटे भरतीसाठी पळायचं. म्हशींबद्दल माझं काही म्हणणं नाही. पळण्याबद्दल आहे. तर एकदा गाडीत सुयश नावाचा पुण्याचा इंजिनिअर बसला. मी आईशी फोनवर बोलत होतो, ते ऐकून म्हणाला, अरे तू सातारचा, मग गडकिल्ले पालथे घातले असशील. आता पॅसेंजरला नाही कसं म्हणायचं, स्टार कमी देतात. मी म्हणालो, सगळे. (मी एकच गड बघितलाय, अजिंक्यतारा, तोही रिक्षातून, आणि उतरल्यावर उलटी केली होती. तुम्हीच पाठ चोळली होती.) त्यावर सुयशनं मला तिथल्या तिथे कॅब सोडायला लावून ट्रेक लीडर करून टाकलं. त्यानं गुरुग्रामच्या मराठी मंडळातल्या लोकांना शनिवार-रविवारी गडांवर न्यायचा धंदा सुरू केला होता. मिनीबस मी चालवायची, वाट मी दाखवायची. अंगात भगवा टी-शर्ट, पाठीवर ‘मावळा’. पहिली ट्रिप जमली तर महिन्याला पक्की नोकरी, नाही जमली तर जय महाराष्ट्र.

गड ठरला कांकरगढ. सोहन्याच्या पुढे अरवलीत एक टेकडी आहे, तिच्यावर पडकी भिंत, एक बुरूज आणि भरपूर काटे. गुरुग्रामचे ट्रेकवाले तिथे दर रविवारी येतात, हातात दोन-दोन काठ्या, डोक्याला दिवसाढवळ्या बॅटरी. पण आपल्या मंडळाची अडचण होती दीनानाथकाका.

दीनानाथकाका म्हणजे आमच्या मंडळाचं इतिहास खातं. जन्म गेला केंद्र सरकारच्या फायलींत, राहायला लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर. रिटायर झाल्यावर मुलानं त्यांना गुरुग्रामला आणून एकोणिसाव्या मजल्यावर ठेवलं. मुलगा-सून दिवसभर मीटिंगमध्ये असतात (घरातच, पण कानात बोळे), खाली बागेत मराठी कळणारं कोणी नाही, काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मग आठवडाभर आत साठलेलं सगळं काका रविवारी मंडळात बोलतात. ते येताना दिसले की लोक फोन कानाला लावतात, वाजला नसला तरी. पण ज्येष्ठ मंडळी त्यांच्या शब्दाबाहेर जात नाहीत, कारण वाद घातला तर आणखी ऐकावं लागतं.

मंडळाच्या मीटिंगमध्ये सुयशनं कांकरगढचे फोटो दाखवले. काकांनी चष्मा वर करून, खाली करून बघितले आणि विचारलं, मारुती कुठाय? सुयश म्हणाला, मारुती नाहीये. झालं. काका म्हणाले, गडाच्या दारात मारुती नाही तो गड नव्हे, टेकाड. आणि टेकाडासाठी मी गुडघे झिजवणार नाही. त्याबरोबर मागच्या तिन्ही रांगांनी आपापले गुडघे चोळले. अर्धी बस तिथेच रिकामी झाली. सुयशनं माझ्याकडे बघितलं. मला तर समोर म्हशीच दिसायला लागल्या. आणि मामा, तोंडातून निघून गेलं, की काका, मारुती आहे. झाडीत आहे. मी बघितलाय.

आता आहे म्हटल्यावर असायला नको का? ट्रिपच्या आदल्या दिवशी मी वाट बघून यायच्या निमित्तानं बाइक घेऊन एकटाच गेलो. बरोबर तुमचा डबा. पडक्या दरवाज्याजवळ दगड शोधत होतो तर एक आयताच मिळाला. गुडघाभर उंच, वर निमुळता, अंगानं भरलेला. जवळ जाऊन बघितलं तर तो दगड नव्हता, जंगलखात्याचा हद्दीचा सिमेंटचा खांब होता, खाली आकडा कोरलेला. पण मामा, त्याचा खांदा बघून माझं मन भरलं. दुसरा कोणी पसंतच पडेना.

तेल आणायला विसरलो होतो. बाइकच्या पेटीत इंजिन ऑइल होतं, पण मनाला पटलं नाही, आपण गुरवाच्या घरातले. शेवटी जेवणाच्या डब्यात पराठ्याबरोबर आईनं दिलेलं आंब्याचं लोणचं होतं, त्याचं तेल निथळून घेतलं आणि त्यात शेंदूर कालवला. तुम्ही शिकवल्यासारखा वरून खाली हात फिरवत गेलो. डोळे म्हणून पप्पांच्या जुन्या शर्टाची दोन पांढरी बटणं चिकटवली. गळ्यात रुईच्या पानांची माळ (इकडे तिला आक म्हणतात, सगळीकडे उगवते, देवाची सोय देव आधीच करून ठेवतो). पोटापर्यंत आलो आणि डबा संपला. खाली थर पातळ झाला. म्हटलं, पायाकडे कोण बघतंय. इथेच चुकलो. आपल्या लोकांचं डोकं सगळ्यात आधी पायाशीच जातं.

उतरताना वाट लक्षात राहावी म्हणून प्रत्येक वळणावर चिप्सचं एक रिकामं पाकीट दगडाखाली दाबून आलो.

दुसऱ्या दिवशी बस भरून माणसं आली. काकांनी पहिल्या पायरीला (पायरी नव्हती, खडक होता) हात लावून माती कपाळाला लावली. सुयशनं सगळ्यांना एकेक पिशवी दिली आणि भाषण केलं की वर जाता जाता वाटेतला कचरा उचलायचा, गड स्वच्छ ठेवायचा. मला भाषण आवडलं. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग मंडळाच्या सेक्रेटरी पद्मजाताई पुढे निघाल्या आणि माझी एकेक खूण उचलून पिशवीत घालत गेल्या. मला हे कळलं तेव्हा आम्ही एकाच नीलगाईसमोरून दुसऱ्यांदा जात होतो. कोणीतरी विचारलं, ही मघाचीच ना? मी म्हणालो, नाही, ही तिची बहीण. तिसऱ्यांदा दिसली तेव्हा कोणी विचारलं नाही, पण तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी पप्पांची ओळखतो. सुयश हळूच कानाशी येऊन म्हणाला, तू सगळे गड केलेस ना? मी म्हणालो, सर, शत्रूला चकवायला वाट अशीच बांधतात. त्यानं ते माइकवरून सगळ्यांना सांगितलं. एका आजींनी वहीत लिहून घेतलं. शेवटी काट्यांतून, खरचटत, माझे दोन्ही गुडघे एकेका खडकाला अर्पण करून आम्ही दरवाज्याशी पोचलो.

काका सगळ्यात मागे होते, घामानं भिजलेले, टेकाड, टेकाड असं पुटपुटत येणारे. मी झाडी बाजूला केली.

मामा, मी गमती खूप केल्यात. सुभेदारसाहेबांच्या कुत्र्याला मीच रेवड्या चारून कवायत बिघडवली होती, तेही तुम्हाला माहीत आहे. पण गंमत केल्यावर समोरच्याचं तोंड असं झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. काका बोललेच नाहीत. (मंडळात हे पहिल्यांदा घडलं.) बूट काढले, गुडघे टेकले आणि डोकं टेकवलं. मग हुंगलं. मला घाम फुटला, कारण लोणच्याचा वास मलाही येत होता. काका उठले आणि सगळ्यांना म्हणाले, हा आंबूस वास येतोय ना, जुन्या शेंदराचा असतो हा. मग सुरू झाले. मराठे दिल्लीला आले, तळ इथेच कुठेतरी पडला असणार, आणि मराठा जिथे तळ टाकतो तिथे आधी मारुती बसवतो. पद्मजाताईंनी नारळ फोडला, आरती झाली, आणि पिठलं-भाकरीचा नैवेद्य दाखवला. तेवढ्यात खालच्या गावचा एक म्हातारा ताऊ बकऱ्या घेऊन वर आला. तो थांबला, मारुतीकडे बघितलं, मग माझ्या लाल बोटांकडे बघितलं, आणि म्हणाला, “रै भाई, याँ तो खंभा था ना?” मी त्याच्या तोंडात आख्खा बेसनाचा लाडू घातला. तो लाडू संपेपर्यंत ताऊनं विचार केला. मग पगडी सारखी केली, हात जोडले आणि म्हणाला, “बालाजी की मर्जी।” (इकडे मारुतीला बालाजी म्हणतात.) बकऱ्यांनाही त्यानं बाजूनं नेलं.

इथे सगळं संपायला पाहिजे होतं. पण ताऊनं खाली जाऊन गावात सांगितलं. पुढच्या मंगळवारी त्या गावच्या बाया ढोलक घेऊन वर गेल्या. आपले लोक शनिवारी जातात. एकदा दोघांची गाठ पडली तेव्हा वार कुठला खरा यावर जरा गरमागरमी झाली, मग दोन्ही ठेवले. आता तिथे झेंडा आहे, घंटा आहे, वर पत्रा टाकायचं चाललंय. सुयशची बस दोन महिने आधी फुल होते आणि माझी नोकरी पक्की झाली. आणि काका, मामा. काका आता फोन कानाला लावून फिरतात, आणि फोन खरंच वाजलेला असतो. लोक त्यांना विचारतात, काका, त्या काळी काय होतं? त्यांची सून कानातले बोळे काढून त्यांना चहा विचारते, म्हणे तिच्या ऑफिसच्या लोकांनाही गड बघायचाय. काका जिने चढायला लागलेत, म्हणजे चार मजले, पुढे लिफ्ट.

आता मुद्द्यावर येतो. हनुमान जयंतीला मंडळानं गडावर मोठा कार्यक्रम ठेवलाय. काकांचं भाषण आहे, पुण्याहून एक प्रोफेसर येणार आहेत. इथपर्यंत चालून गेलं असतं. पण पद्मजाताईंनी मध्येच टुमणं काढलं की शेंदराचे थर काढून आतली मूळ मूर्ती सगळ्यांसमोर उघडी करायची. पद्मजाताई दातांच्या डॉक्टर आहेत. थर दिसला की खरवडायचा, हा त्यांचा धंदा आणि स्वभाव दोन्ही आहे. हत्यारं घेऊन येणार आहेत. त्यातून पायाशी शेंदूर पातळ, तिथे बोट फिरवलं की कोरलेलं लागतं. प्रोफेसरांना फोटो पाठवलाय, ते म्हणाले, अक्षरं दिसतायत, मोडी असावी. मामा, तो जंगलखात्याचा सत्तेचाळीस आहे.

विचार करा. सगळं मंडळ, सगळं गाव, ताऊ, प्रोफेसर, मध्ये काका माइक घेऊन, आणि पद्मजाताई खरवडतायत, आणि आतून निघतोय सिमेंटचा सत्तेचाळीस. माझ्या नोकरीचं सोडा. (सोडू नका, पण बाजूला ठेवा.) काका परत एकोणिसाव्या मजल्यावर जाऊन बसतील आणि यावेळी खाली उतरणार नाहीत.

म्हणून तुम्हाला हनुमान जयंतीला इकडे यायचंय. येण्याजाण्याचं तिकीट मंडळ काढतंय, मी सांगून ठेवलंय की माझे मामा पिढीजात गुरव आहेत, त्यांचा शब्द शेवटचा. तुम्ही काही खोटं बोलायचं नाही. गावात जे कायम सांगता तेवढंच सांगायचं, की मारुतीची शेंदराची खोळ माणसानं काढायची नसते, ती देव स्वतः टाकतो, त्याच्या वेळेला. हे खरंच आहे ना? आपल्या गावच्यानं तुमच्या आजोबांच्या वेळी टाकली होती म्हणता. सरपंचाला चपला घालून गाभाऱ्यात येऊ दिलं नव्हतं, तेव्हाचा चेहरा आणा. पद्मजाताई त्या चेहऱ्यापुढे टिकणार नाहीत. गावच्या मारुतीला जत्रेच्या दिवशी सोडून येणं तुम्हाला जड आहे हे मला कळतं. पण त्याला सांभाळायला सगळं गाव आहे. याला मी एकटाच.

मामीला नमस्कार. म्हशींना सांगा, मी येत नाहीये.

तुमचा लाडका (अजून असेन तर) भाचा,
शंभू

ता. क. येताना शेंदूर आणा. डबा नको, पोतं आणा. तेल मी इथे बघतो, लोणच्याचं आता नको, मुंग्या लागतात.

ता. क. दुसरा. आईला मांजरीचं सांगू नका. तिनं आता खरंच कुठूनतरी एक मांजर पकडून कोंडून ठेवलीय, तिला सोडवायचं मी बघतो. पप्पांना तर काहीच सांगू नका. त्यांचं नावच मारुतराव, त्यांना वाटेल मी मुद्दाम केलं. शिवाय ते बटणं शोधतायत.

ता. क. तिसरा, आणि हा खरा. मामा, आज सकाळी काका मला भेटायला एकटेच कँटच्या गेटवर आले, मेट्रो बदलून, रिक्षा करून. मला वाटलं, संपलं. मी रात्रभर पाठ केलेली कबुली द्यायला तोंड उघडलं, तर त्यांनी पिशवीतून शेंदराची दोन पाकिटं काढून माझ्या हातात दिली आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, “खाली जरा जाड लाव रे. आकडा दिसतोय.”

मी पाकिटं शर्टाच्या आत लपवली. विचारलं, तुम्हाला कधी कळलं? म्हणाले, “पहिल्याच दिवशी. पेशवाईत चार भोकांची बटणं नव्हती, शंभू.”

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. काकांनी गेटवरच्या शिपायाकडे बघत बघत सांगितलं, की मी डोकं टेकवून वर बघितलं तर सगळे माझ्याकडे बघत होते, आणि एकाच्याही कानाला फोन नव्हता. भाषणाचं विचारलं तर म्हणाले, इतिहास सांगत नाही, आपल्याकडच्या मारुत्यांचं सांगतो, आणि याच्याबद्दल एवढंच म्हणतो की प्रकरण विचाराधीन आहे. नोकरीत तीस वर्षं हेच वाक्य लिहिलं, पुढे कोणी कधी विचारलं नाही.

जाताना त्यांनी मला शपथ घातली, की हे कोणाजवळ बोलायचं नाही. त्याच मारुतीची शपथ, मामा. आणि मी कितीही थापा मारल्या तरी त्याची शपथ मोडायची माझी छाती नाही. हसू नका. नोकरी पक्की व्हावी म्हणून मी त्याला नवस बोललो होतो, मीच लावलेल्या बटणांत बघून, आणि तो पावला. म्हणून फोन केला नाही. बोलायचं नाही अशी शपथ आहे, लिहायचं नाही अशी नाही.

तेव्हा तुमच्या पाया पडतो, (गुडघे दुखतायत तरी) कोणाला सांगू नका. मामीला नको, पारावर नको, गावच्या मारुतीसमोर पुटपुटायचं तर तेही नको, सगळे मारुती एकमेकांना सांगत असतील. आणि काका भेटले तर त्यांनाही कळू देऊ नका की तुम्हाला माहीत आहे. ते तुम्हाला मारुती दाखवतील तेव्हा नुसतं डोकं टेकवा. वास आला तर म्हणा, जुना आहे.